उसनं वय

सुवर्णाचा निकाल माझ्या फोनवर आला, कारण योजनेत नाव घालताना नंबर मी माझा दिला होता. तिचा फोन कायम जावेच्या हातात असतो. नववीच्या वर्गाला ज्वालामुखी शिकवून मी खाली आले आणि शिक्षकांच्या खोलीत बसून तो वाचला. सुवर्णा बाळासो सुतार, राहणार तासगाव. पेशीवय त्रेसष्ट, मर्यादा पंचावन्न. लसीसाठी अपात्र.

माझी बहीण एकोणचाळीस वर्षांची आहे. हे मी छातीठोकपणे सांगू शकते, कारण मीही तेवढीच आहे. आम्ही जुळ्या आहोत.

शेजारच्या बाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, सरकारनं माझ्या बहिणीला म्हातारी ठरवलं. त्या हसल्या. मला राग आला होता आणि रागाच्या खाली भीती होती, कारण तिच्या छातीतली गाठ काखेपर्यंत पोचली होती. लस सोडली तर तिच्यावर चालेल असं काही उरलं नव्हतं.

आधी आमचं सांगते. आमच्या मावशीला मूल नव्हतं. तिचे यजमान कोल्हापूरला वीज मंडळात इंजिनिअर. राहायला ऐसपैस क्वार्टर, घरात माणसं दोनच. आमच्या बारशाला मावशी तासगावला आली, तेव्हा आईनं तिला सांगितलं, यातली एक घेऊन जा. आमच्याकडे हे असं चालतं. बहीण बहिणीच्या ओटीत मूल घालते, कोर्टात कुणी जात नाही. मी झोपले होते आणि सुवर्णा रडत होती, म्हणून मावशीनं मला उचललं. माझी निवड एवढ्यावर झाली. पुढे मावशीनं माझा जन्म आपल्याच पोटी कोल्हापुरात झाल्याची नोंद केली आणि तारीखही आपल्या सोयीची घातली. त्यामुळे कागदोपत्री आम्ही जुळ्या नाही, मावसबहिणी आहोत. सुवर्णा माझ्याआधी जन्मली म्हणून मी तिला आक्का म्हणते.

मला दूध मिळालं, शाळा मिळाली, उन्हाळ्यात पोहण्याचा क्लासही मिळाला. आक्का शाळा सोडून बेदाण्याच्या शेडमध्ये बसली. तासगावात द्राक्षांना गंधकाची धुरी देतात, म्हणजे बेदाणा पिवळाधमक राहतो. मग बायका मांडी घालून दिवसभर तो निवडत बसतात. धुरी घशात उतरते आणि बोटं चिकट होऊन सोलवटतात. आता आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो तर लोक तिला माझी आई समजतात. ती हसून सोडून देते, मला मात्र ते कधीच हसण्यावारी नेता आलेलं नाही.

पेशीवय म्हणजे काय तेही सांगून टाकते. मास्तरीण आहे, शिकवल्याशिवाय राहवत नाही.

आपल्या प्रत्येक पेशीत जनुकांचं तेच एक पुस्तक असतं. डोळ्याच्या पेशीनं कुठलं पान वाचायचं आणि त्वचेच्या पेशीनं कुठलं मिटून ठेवायचं, हे त्या पानांवरच्या बारीक रासायनिक खुणा ठरवतात. वय वाढतं तशा या खुणा ठरावीक जागी वाढतात, ठरावीक जागी पुसल्या जातात. त्या मोजल्या की रक्ताच्या थेंबावरून माणसाचं वय सांगता येतं. पण खुणा काही फक्त वर्षांनी उठत नाहीत. अर्धपोटी राहणं, धूर, अपुरी झोप, लहानपणी अंगावर काढलेले आजार, सततची काळजी, या सगळ्यांच्या खुणा उठतात. आक्काचं आणि माझं पुस्तक एकच आहे. तिची प्रत फार हाताळली गेली, माझी कपाटात राहिली.

आता लस. कर्करोगाच्या गाठीत जनुकांच्या काही चुका झालेल्या असतात. त्या चुका वाचून, फक्त त्या एका माणसासाठी लस बनवतात. ती शरीरातल्या पहारेकरी पेशींना शिकवते की या चुका दिसल्या की हल्ला करायचा. प्रत्येकाची लस वेगळी, म्हणजे प्रत्येकाची वेगळी भट्टीच लावावी लागते. राज्यात अशा भट्ट्या मोजक्या आणि आजारी माणसं उदंड. मग द्यायची कुणाला? पूर्वी असलं काही वशिल्यावर ठरायचं. आरोहण योजना आली आणि तिनं जाहीर केलं की आम्ही जात, गाव, उत्पन्न, ओळखपाळख काही विचारणार नाही, फक्त रक्त विचारू. आधीच्या हजारो रुग्णांची माहिती यंत्राला दिली होती. पेशीवय पंचावन्नच्या पुढे असलेले रुग्ण लस घेऊनही फारसे जगत नाहीत, असं यंत्राला त्यात दिसलं. म्हणून मर्यादा पंचावन्न. सगळ्यांनी कौतुक केलं. मी स्वतः वर्गात समतेचं उदाहरण म्हणून ही योजना सांगितली होती.

रविवारी मी तासगावला गेले. आक्का शेडमध्येच होती. काख सुजलेली, तरी डावा हात मांडीवर टाकून उजव्या हातानं निवडत होती.

"त्रेसष्ट?" ती म्हणाली. "माझ्या सासूचं वय त्रेसष्ट हाय."

"आक्का, हसू नकोस."

"मग काय करू? रडून तरी कमी हुतंय व्हय?"

मी तिच्यासमोर फतकल मारून बसले. ती काम थांबवेना. मी तिचा हात धरला, तेव्हा तिची बोटं माझ्या हातात आली. गुळगुळीत बोटं. रेशन दुकानातलं यंत्र तिचा ठसा कधीच ओळखत नाही, शेडमधल्या सगळ्याच बायकांचं तेच रडगाणं. अशा लोकांची अडचण होऊ नये म्हणून योजनेनं ठसे बाद करून ओळख रक्तातल्या जनुकांवरून पटवायची ठरवली होती. बोटाला सुई टोचली की यंत्र सांगणार, ही सुवर्णा सुतार.

माझ्याही बोटाला टोचली तर यंत्र तेच सांगणार होतं.

आक्काचा नमुना एप्रिलच्या उन्हात, शेडच्या दारात भरलेल्या शिबिरात घेतला होता. उन्हानं नमुना खराब होतो, म्हणून एकदा फेरतपासणी मागता येत होती. फेरतपासणीला कुठल्याही रक्तपेटीवर जायचं. सांगलीच्या बसस्टँडवर अशी पेटी आहे. हात आत घालायचा, टिचकी बसते, हात बाहेर. तोंड कुणीच बघत नाही.

मी तिला सांगितलं. तिनं निवडलेले बेदाणे पाटीत लोटले.

"हे खोटं हाय, अपे."

"खोटं कुठलं? तुझं रक्त आणि माझं रक्त एकच आहे."

"एकच असतं तर तुझं वय का आणलं असतंस उसनं?"

मी म्हटलं, तुझ्या लेकीचं लग्न तुला बघायचं आहे की नाही? हे मी मुद्दाम बोलले. ती जिथे नाही म्हणू शकणार नाही तिथे मी बोट ठेवलं आणि ती नाही म्हणाली नाही.

माझ्या रक्ताचं वय छत्तीस निघालं. योजनेनं झाल्या गैरसोयीबद्दल सुवर्णा सुतार यांची दिलगिरी व्यक्त केली आणि त्यांना पात्र ठरवलं.

मिरजेच्या लस केंद्रात डॉक्टर रेहाना मुजावर होत्या. नीट समजावून सांगणाऱ्या, पेशंटला अगं-तुगं न करणाऱ्या. मी नातेवाईक म्हणून बरोबर जायचे. आक्काला त्यांनी खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीला एक यंत्र होतं. ते बोटाला टोचून ओळख पटवायचं आणि मगच दंडात लस सोडायचं. पहिल्या वेळी यंत्रावर हिरवा दिवा लागला. डॉक्टरांनी एकदा आक्काच्या चेहऱ्याकडे बघितलं, पडद्यावरच्या छत्तीसकडे बघितलं आणि म्हणाल्या, "रक्तावरून खरंच काही सांगता येत नाही." म्हणजे नेमकं काय, ते मी विचारलं नाही.

सहा डोस होते. पहिल्यानंतर ताप आला. दुसऱ्यानंतर काखेची सूज उतरली. तिसऱ्यानंतर फोटो काढला, तर गाठ निम्मी झाली होती. डॉक्टर मुजावर फोटो परत परत बघत राहिल्या. आक्का माझ्या घरी कोल्हापूरला राहायला आली होती. सकाळी अंडं, दुपारी झोप. आयुष्यात पहिल्यांदा दुपारी झोपतेय, असं ती लाजून सांगायची. तिच्या गालांवर थोडं मांस चढलं. एकदा आरशात आम्ही दोघी शेजारी दिसलो आणि ती म्हणाली, "बघ, आता आई न्हाई, थोरली भन वाटतीया मी तुझी." मी इतकी खूष होते की शाळेत मुलांवर ओरडायचं विसरले.

चौथ्या डोसनंतर ती तासगावला गेली, कारण लेकीची परीक्षा होती. मधल्या टप्प्यावर पुन्हा पेशीवय मोजायचं असतं, शरीराला लस सोसते की नाही ते बघायला. आमचं ठरलं होतं. मी गुरुवारी शाळा सुटल्यावर सांगलीला जाऊन पेटीत हात घालणार होते. आक्कानं फक्त गप्प बसायचं होतं.

बुधवारी केंद्राच्या चौगुले सिस्टर तिच्या घरी विचारपूस करायला गेल्या. भल्या बाई. एवढ्या लांब आल्या म्हणून आक्कानं त्यांना चहा केला, पोहे केले. सिस्टर म्हणाल्या, पेटी आहे माझ्याकडे, उगीच कशाला सांगलीची खेप घालता, मीच घेते की रक्त. आणि आक्कानं हात पुढे केला.

हे मला तिनं शुक्रवारी फोनवर सांगितलं. मी गुरुवारी पेटीवर गेले तेव्हा पेटीनं मला 'नमुना आधीच मिळाला आहे' असं सांगून परत पाठवलं होतं. रात्रभर मी स्वतःची समजूत घालत होते की पेटीच बिघडली असेल.

"आक्का, का दिलंस गं?" मी विचारलं.

"अगं, दारात आलेल्या बाईला कसं न्हाई म्हणू? आन मला वाटलं..." ती अडखळली. "गाठ निम्मी झाली म्हणाल्या न्हवं? भूक लागतीया, झोप लागतीया. मला वाटलं, रक्तबी सुधारलं असंल. सारखं सारखं तुझं किती घ्यायचं? एवढ्या खेपेला माझं मी दिलं."

तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, म्हणून मला ओरडता आलं नाही. फोन ठेवला आणि मी मोरीत जाऊन रडले.

सोमवारी डॉक्टरांनी बोलावलं. आम्ही दोघी गेलो. त्यांनी आक्काला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"अपर्णाताई, सुवर्णाताईंचं पेशीवय लस सुरू करताना छत्तीस होतं. आता बासष्ट आहे. चार डोसांत सव्वीस वर्षं. असं कुठेच कधी घडलेलं नाही."

मी बंद दाराकडे बघितलं.

"यंत्रानं हा लसीचा गंभीर दुष्परिणाम म्हणून नोंदवलाय. लस शरीराला झपाट्यानं म्हातारं करतेय, असा त्याचा अर्थ. त्यांचे पुढचे डोस बंद. आणि त्यांच्यासारखा जनुकाचा जन्मजात दोष असलेल्या, या प्रकारची लस चालू असलेल्या राज्यातल्या सगळ्या बायकांचे डोस थांबलेत. चौकशी होईपर्यंत."

"नमुना खराब असेल," मी म्हटलं. "मागच्या वेळी झाला होता तसा."

"तोच विचार मीही केला. म्हणून पुढचा नमुना मी स्वतः घेणार आहे, माझ्यासमोर." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "मला झोप नाही हो. माझ्या हातानं मी त्यांना चार डोस दिलेत."

त्या बाईला वाटत होतं की तिनं माझ्या बहिणीला म्हातारं केलं. मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं, पण मी डोक्यात हिशेब मांडत होते. सांगितलं तर आक्का अपात्र. नाही सांगितलं तर आक्काची लस बंद. कुठूनही आलं तरी उत्तर तेच येत होतं. तरी मला वाटत होतं की गप्प बसलं तर चौकशीत काहीतरी फट सापडेल, काहीतरी होईल. असं वाटायला काही आधार नव्हता.

बाहेर आले तर आक्का बाकावर एका बाईशी बोलत बसली होती. तिशीची असेल, डोक्यावरचे केस विरळ, मांडीवर जेवणाचा डबा. जतहून पहिल्या एसटीनं आली होती. आज तिचा डोस होता आणि तो देणार नाही, असं तिला आत्ताच खिडकीवर सांगितलं होतं.

"माझं वय चोपन्न निघालं हुतं," ती आक्काला सांगत होती. "एका वर्षानं वाचले. घरात साखर वाटली आमी. आता म्हणत्यात, कुणा बाईला लस बाधली, म्हणून समद्यांचं थांबवलंय."

"कोण बाई?" आक्कानं विचारलं.

"ते न्हाई सांगत. तासगावकडची हाय म्हणं. लई म्हातारी झाली म्हणं एकदम." तिनं डबा दुसऱ्या मांडीवर घेतला. "बिचारीचं काय झालं असंल. मला माझं सोडून तिचंच वाईट वाटाय लागलंय."

आक्कानं पदर ओढून तोंडाशी धरला. मग ती उठली, माझा दंड धरला आणि मला जिन्याखाली नेलं.

"मी बासष्टाची आले व्हय रक्तात?"

मी मान हलवली.

"म्हंजे सुधारलं न्हाईच."

"आक्का, खुणा इतक्या लवकर पुसल्या जात नाहीत. गाठ कमी झाली ना, ते खरं आहे."

"जा आन सांगून टाक."

"थांब जरा. चौकशी होऊ दे. महिनाभरात त्यांनाच कळेल..."

"ती बाई महिनाभर थांबंल. तिची गाठ थांबंल का?"

"आणि तुझी?"

"माझी कुटं थांबलीया? माझी लस तर बंदच केली न्हवं त्यांनी." ती चिडून बोलत नव्हती, शेडमध्ये पोरीबाळींना काम समजावून सांगावं तशी बोलत होती. "तू न्हाई सांगितलंस तर मी सांगीन. मला नीट सांगता येणार न्हाई, मग डॉक्टर बाईंना वाटंल चौगुले सिस्टरनं घोळ केला."

मी वर गेले आणि सांगितलं. बारशापासून सगळं. डॉक्टर मुजावर ऐकत होत्या. मधे एकदा त्यांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला. तो सुटकेचा होता, हे मला कळलं. लसीनं कुणाला म्हातारं केलं नव्हतं.

"मला आधी सांगायचंत," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही काय केलं असतं?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "काही करू शकले नसते."

त्याच आठवड्यात सगळ्या बायकांचे डोस पुन्हा चालू झाले. जतच्या बाईलाही मिळाला असेल. आक्काचं नाव काढून टाकलं. डॉक्टर मुजावर तिच्यासाठी समितीपुढे उभ्या राहिल्या, हे मात्र सांगायला हवं. गाठीचे फोटो घेऊन गेल्या. या बाईचं पेशीवय बासष्ट आहे आणि तरी हिच्यावर लस चालली, मर्यादेचाच फेरविचार करा, म्हणाल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बसवून समितीचं म्हणणं सांगितलं, एकेक शब्द तोलत.

"गाठ निम्मी झाली हे यंत्राकडे नोंदलंय. पण ते छत्तीस वयाच्या रक्तासमोर नोंदलंय. यंत्राच्या हिशेबी कमी वयावर लस छान चालते, याचा आणखी एक पुरावा मिळाला. सुवर्णाताईंचं खरं वय नंतर कळलं, ती नोंद फसवणुकीची म्हणून बाद. बाद नोंदीवरून नियम बदलता येत नाही."

"म्हणजे आक्कानं लस घेतली आणि ती बरी होत होती, हे झालंच नाही?"

"यंत्राच्या लेखी नाही."

"आणि पंचावन्नच्या पुढचे सगळे मरतात, हे कशावरून?"

"मी ते रुग्ण उघडून पाहिले," डॉक्टर म्हणाल्या. "त्यात उशिरा आलेल्या बायका आहेत. गाडी नाही म्हणून डोस बुडालेल्या आहेत. लस घेऊन दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्या आहेत. आणि ज्यांच्या पहारेकरी पेशी खरोखरच थकल्यात अशाही आहेत. यंत्राला या वेगवेगळ्या दिसत नाहीत. त्याला फक्त एवढंच दिसतं की या मेल्या."

आम्हाला शिक्षा झाली नाही. उलट समितीला आमच्यात रस वाटला. एकाच जनुकांच्या दोन बायका, एक छत्तीस आणि एक बासष्ट, असा सरळ पुरावा त्यांना पूर्वी मिळाला नव्हता. दोघींनी वर्षातून एकदा रक्त द्यावं अशी त्यांनी विनंती केली. मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. खुर्च्यांच्या यंत्रांत मात्र त्यांनी बदल केला. आता दर डोसाच्या आधी खुर्ची ओळखही बघते आणि पेशीवयही बघते. पुन्हा कुणी जुळी आपलं वय बहिणीला देऊ शकणार नाही.

आणि मग डॉक्टरांचा शेवटचा फोन आला.

आक्काचे उरलेले दोन डोस तयार होऊन पडले होते. ते तिच्या गाठीपासून, तिच्या जनुकांसाठी बनवलेले. जगात दुसऱ्या कुणाच्या अंगात ते कामाचे नव्हते, एक माणूस सोडून. आमच्या रक्तातला जनुकाचा दोष एकच. त्या दोषातून गाठ सुरू होताना ज्या पहिल्या चुका होतात त्याही त्याच असणार, म्हणून ती लस माझ्या पहारेकऱ्यांना आधीच शिकवून ठेवेल आणि मला कदाचित कधीच गाठ होणार नाही. वाया घालवण्यापेक्षा योजनेनं ते डोस मला मंजूर केले होते. पेशीवय छत्तीस, पात्र.

मी नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाल्या, मग ते शुक्रवारी नष्ट करतील. मी विचारलं, खुर्ची बंद करून, साध्या सुईनं आक्कालाच दिले तर, कुणी नसताना? त्या म्हणाल्या, कुपी खुर्चीतच उघडते. बाहेर काढली की आतलं औषध मरतं. त्यांनी हे आधीच तपासून पाहिलं होतं, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

आक्काला मी सांगणार नव्हते. तिनं फोनवर माझा आवाज ऐकला आणि काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोल्हापूरच्या घरी हजर. काख पुन्हा सुजायला लागली होती, ती पदराखाली झाकून.

"चल," ती म्हणाली.

"मी नाही जाणार, आक्का. ते तुझं आहे."

"माझं हाय, म्हणून तर सांगतीया कुणाला द्यायचं ते."

"मला होत नाही."

"तुला न्हाई हुत, मग काय मोरीत ओतायचं?" आता मात्र ती खरोखर चिडली होती. "तुला माझ्याच रक्ताची खोट हाय. उद्या तुला गाठ झाली तर मी काय तोंडानं बघू? गप चल."

मी गेले. हे मी सरळ सांगते. मी भांडून, रडून, पाय ओढत गेले, पण गेले आणि त्या खुर्चीत बसले. बोटाला टोचलं. हिरवा दिवा लागला, क्षणाचाही वेळ लागला नाही. दंडात थंडगार काहीतरी शिरलं. काचेपलीकडे नातेवाइकांच्या बाकावर आक्का बसली होती आणि चौगुले सिस्टरला विचारत होती की आज हिला जेवायला काय देऊ.

संध्याकाळी मला थंडी वाजून ताप भरला. आक्कानं मला गोधडीत गुंडाळलं, कपाळावर ओली घडी ठेवली आणि उशाशी बसली. हात जड वाटतोय का, तिनं विचारलं. वाटतोय, मी म्हटलं. तोंड कडू पडलंय का? पडलंय. तिनं घडी उलटी केली. तिला पुढचं सगळं माहीत होतं.

"घाबरू नको," ती म्हणाली. "ताप आला म्हंजे लागू पडली. मलाबी अस्साच आला हुता."